जन्माआधी बारा दिवस

खिडकीपलीकडच्या साहेबांनी उशीची लसीकरणाची पुस्तिका फिरवून आमच्यासमोर धरली, पेन्सिलीचं टोक पहिल्या पानावर टेकवलं आणि म्हणाले, "या कुत्रीला जन्माच्या बारा दिवस आधी लस टोचलेली आहे."

बाबा म्हणाले, "हो का?"

आता बघा. अडीच तास रांगेत काढलेले, परवा सकाळचं विमान, आणि कोणी असं काही ऐकवल्यावर माझे बाबा म्हणतात, हो का. जसं काही साहेबांनी बाहेर ढग आलेत एवढंच सांगितलं.

उशी माझ्या पायावर बूड टेकून बसली होती. सतरा किलो वजन, एक कान उभा, एक पडलेला. घरी आली त्या दिवशी ती सरळ माझ्या उशीवर जाऊन झोपली आणि उठायलाच तयार नव्हती, म्हणून तिचं नाव उशी. ती जन्मलेली आहे हे रांगेच्या शेवटी उभं राहूनही कळत होतं.

आई आठ महिन्यांपूर्वी पुढे गेली. तिला परदेशातल्या एका हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली. मी आणि बाबा मागून जायचं असं ठरलं. आम्हा दोघांचे कागद तीन आठवड्यांत झाले. उशीच्या कागदांना पाच महिने लागले. मानेतली चिप वाचून झाली, रक्त तपासणीसाठी बाहेर गेलं आणि परत कागद आला, पिंजरा आला. पिंजऱ्यात तिला उभं राहता आलं पाहिजे, वळता आलं पाहिजे, पाण्याची वाटी दाराला अडकवलेली पाहिजे. दोन महिने मी तिला रोज दुपारी त्या पिंजऱ्यात झोपायची सवय लावली, निम्मी आत शिरून स्वतः झोपून दाखवलं. शेवटचं एकच राहिलं होतं. आमच्या डॉक्टरांनी दिलेल्या तब्येतीच्या दाखल्यावर या सरकारी कार्यालयाचा शिक्का. तो नसेल तर विमानवाले तिला चढवून घेत नाहीत.

आणि शिक्का मिळाला नाही तर ती मामाकडे. मामा फोनवर म्हणाला होता, "राहील की. गोदामाच्या गेटला बांधू, राखण करेल." माझी उशी मिक्सर सुरू झाला की पलंगाखाली जाते. ती गोदामाची राखण करणार, साखळीला, येणाऱ्याजाणाऱ्या ट्रकच्या धुरात. मी तेव्हाच फोन बाबांच्या हातात देऊन टाकला होता, कारण माझ्या तोंडून मामाला शोभणार नाही असं काहीतरी निघालं असतं.

"साहेब," मी म्हणाले, "ती लस चार वर्षांपूर्वीची आहे. त्यानंतर दरवर्षी टोचलीय. या वर्षीची दोन महिन्यांपूर्वी. तेव्हा तरी ती जन्मलेली होती ना?"

"पहिली नोंद चुकीची असली की पुढच्या सगळ्या नोंदी लटकतात, ताई."

"लस चुकीची नाहीये. जन्मतारीख चुकलीय. दिसतंय की."

"तारीख चुकली की लस चुकली, ते मी कसं ठरवणार? मी कागद बघतो. कुत्री बघत नाही."

"मग कुत्री आणायला का सांगितलंत?"

"तसा नियम आहे."

मागे उभ्या असलेल्या मावशी खुदकन हसल्या. त्यांच्याकडे टॉवेल झाकलेला पिंजरा होता आणि आत पोपट. तोही मुलीकडे परदेशी निघाला होता. मावशींची ही या कार्यालयातली सहावी फेरी, आणि एवढ्या फेऱ्यांत तो पोपट इथल्या शिपायाचं "पुढे व्हा" शिकला होता. सकाळपासून चार माणसं त्याच्या सांगण्यावरून उगाच पुढे झाली होती.

एक वर्षापूर्वीची मी असते तर इथे गप्प बसले असते. तेव्हा मी वर्गात हजेरीसुद्धा अशी द्यायचे की बाई दोनदा नाव घ्यायच्या. पण या वर्षी माझं मला कळलंय की मोठ्याने बोललं तर छत कोसळत नाही. म्हणून मी खिडकीच्या कट्ट्यावर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाले, "ज्या कोणी ही तारीख लिहिलीय त्याला इथे आणून उभं करायला पाहिजे. इतका निष्काळजीपणा? एका जिवाचा प्रश्न आहे आणि हा माणूस वाट्टेल ती तारीख लिहून मोकळा होतो?"

"माझीच चूक आहे साहेब," बाबा म्हणाले. "मीच घाईत लिहिलं असेल."

बाबा चष्म्याच्या दुकानात काचा घासतात. केसाच्या रुंदीचा फरक त्यांना बोटाला कळतो. परवा त्यांनी उशीच्या चिपचे पंधरा आकडे भिंग लावून एकेक करून तपासले होते, तीनदा. हे घाईत काही लिहितील?

मी पुस्तिका ओढून घेतली आणि पहिलं पान पहिल्यांदाच नीट बघितलं.

जांभळी शाई. चमकीवाली. एकवीस जून. आणि सालातल्या शून्याला दोन डोळे आणि एक हसू.

माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. डॉक्टरांनी पुस्तिका दिली तेव्हा जन्मतारखेची चौकट रिकामीच होती, कारण उशी आम्हाला एका बांधकामाच्या वाळूच्या ढिगाऱ्यावर सापडली होती आणि तिथे तारीख सांगायला कोणी नव्हतं. माझा वाढदिवस एकवीस जूनला असतो. रिकामी चौकट बघून मला तिची दया आली आणि मी माझी तारीख तिला दिली. साल त्याच वर्षीचं टाकलं. त्याआधी ती आम्हाला माहीतच नव्हती, तर असेल कशी, असा माझा हिशेब. लस मात्र नऊ जूनलाच देऊन झाली होती. तेव्हापासून घरात एकवीस जूनला एकच केक येतो, माझा क्रीमचा भाग आणि तिचा कडेचा कोरडा. चार वर्षं. म्हणून तर बाबांनी भिंग फिरवताना ती तारीख वाचली आणि मान डोलावून पान उलटलं. आमच्या घरात उशीचा जन्म एकवीस जूनचा नाही असं कोणाच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं.

एका मिनिटापूर्वी मी ज्याला इथे उभं करायला निघाले होते, ती मी उभीच होते.

मला लाज वाटली, हे खरं. पण लाजेच्या मागोमाग राग आला, आणि तो बाबांचा. कोणी सांगितलं होतं यांना मधे पडायला?

"ते माझं अक्षर आहे," मी म्हणाले. "बाबांचं नाही. मी लिहिलं."

"कळलं होतं मला," साहेब म्हणाले. "तुझे वडील शून्यात डोळे काढत असतील असं वाटलं नाही." त्यांनी पेन्सिल कानावर खोचली. "ज्या डॉक्टरांनी पुस्तिका दिली त्यांच्याकडून दुरुस्त करून आणा. सही-शिक्क्यासकट. चारला खिडकी बंद होते. मग बघू."

"पुढे व्हा," पोपट म्हणाला.

डॉक्टरांचा दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला. तीन रिक्षावाल्यांनी उशीकडे बघून नाही म्हटलं. चौथ्याने घेतलं, पण "सीटवर बसवायची नाही" या अटीवर, म्हणून ती पायाशी आणि मी तिच्या डोक्यावर हात ठेवून वाकलेली.

"तुम्ही खोटं का सांगितलंत?" मी विचारलं.

बाबा बाहेर बघत होते. "परवा जायचंय. तुझ्या मनाला कशाला लावून घ्यायचं."

"आणि साहेबांनी तुम्हालाच धरलं असतं तर?"

"धरलं तर धरलं. मला सवय आहे."

"कसली सवय?"

"ऐकून घ्यायची. गिऱ्हाईक दुसऱ्याचा नंबर सांगतं, काच चुकते, आणि ओरडतं मला. मी हो म्हणतो, दुसरी करून देतो. भांडत बसलो तर दुसरी काच कधी घासू?"

"ही काच नाहीये," मी म्हणाले. "माझी चूक मला ठेवू द्या."

"बरं, ठेव," बाबा म्हणाले, आणि पहिल्यांदाच थोडे हसले. "तुझ्या आईला तूच सांग मग."

डॉक्टर एका मांजरीच्या नखांशी झगडत होते. त्यांनी वर न बघताच विचारलं, "शिक्का झाला?"

मी पुस्तिका त्यांच्या नाकासमोर धरली. त्यांनी पान वाचलं, मांजर सोडली, परत वाचलं.

"हे कधीपासून आहे?"

"चार वर्षांपासून," मी म्हणाले. "दरवर्षी तुम्ही याच पुस्तिकेत सही करताय."

"मी पहिलं पान कशाला बघू? मला शेवटचं पान लागतं. पेशंट काय माझ्या ओळखीचा नाही?"

"तुम्ही चौकट रिकामी सोडली होती, डॉक्टरकाका."

"आणि तू भरलीस. बाहुली काढून."

"बाहुली नाहीये ती. शून्य आहे."

त्यांनी कपाटातून जुनी वही काढली आणि पानं उलटत बसले. उशी टेबलाखाली जाऊन थरथरत होती, कारण तिला या खोलीत नेहमी काय होतं ते पाठ आहे. शेवटी नोंद सापडली. मादी, तांबूस, वाळूवर सापडलेली, समोरचे दात बदललेले, सुळे अजून दुधाचे, वय अंदाजे चार महिने. म्हणजे फेब्रुवारी. माझी उशी फेब्रुवारीतली निघाली.

"असं करू," डॉक्टर म्हणाले, "नवी पुस्तिकाच देतो. सगळं एका बैठकीत उतरवतो, स्वच्छ. पंधरा मिनिटांचं काम. कोणाला कळणार नाही."

खोटं सांगत नाही, मला मोह झाला. घड्याळात दोन वाजून गेले होते. पण मग मी विचार केला की चार वर्षांच्या सगळ्या सह्या, एका पेनाच्या, एकाच दिवशी वाळलेल्या. आणि जुन्या पुस्तिकेत लसीच्या बाटल्यांची लेबलं चिकटवलीत, ती सोलून इकडे लावणार? उशीने खरंच टोचून घेतलेल्या लसी मग खोट्या दिसल्या असत्या.

"नको," मी म्हणाले. "झालं ते दिसू दे. दुरुस्तीच करा."

डॉक्टरांनी बाबांकडे बघितलं. बाबांनी मान हलवली. "ती म्हणते तसं."

डॉक्टरांनी पट्टी घेऊन माझ्या तारखेवर एक सरळ रेघ मारली, बाजूला अंदाजे फेब्रुवारी असं लिहिलं, वहीतल्या नोंदीची प्रत जोडली, सही केली, शिक्का मारला. रेघ शून्याच्या बरोबर डोळ्यांवरून गेली. हसू खाली तसंच राहिलं. मला उगाचच कसंसं झालं.

परत पोचलो तेव्हा तीन वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. पोपटवाल्या मावशी बाकावर डबा उघडून बसल्या होत्या. "झालं का गं?" त्यांनी विचारलं. मी पुस्तिका हवेत हलवली.

साहेबांनी पान उघडलं. बघितलं. पुस्तिका मिटून परत सरकवली.

"खाडाखोड चालत नाही."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. "तुम्हीच तर सांगितलंत दुरुस्त करून आणा."

"मग बघू, असं म्हणालो होतो. बघितलं."

"साहेब, सही आहे, शिक्का आहे, नोंदीची प्रत आहे. दुरुस्ती म्हणजे खाडाखोडच असते ना? खोडल्याशिवाय दुरुस्त कसं करणार माणूस?"

"तो माझा विषय नाही."

"मग कोणाचा विषय आहे? मी डॉक्टरांकडे गेले, ते म्हणतात पहिलं पान माझा विषय नाही. तुम्ही म्हणता कुत्री माझा विषय नाही. आता दुरुस्तीही नाही. या खिडकीत बसून तुमचा विषय तरी काय आहे?"

शिपाई दारातून डोकावला. बाकावरच्या मावशींचा घास हातातच राहिला. बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि मला वाटलं, झालं, आता म्हणणार, माफ करा साहेब, लहान आहे.

ते म्हणाले, "साहेब, नाकारायचं असेल तर नाकारा. कारण लिहून द्या."

आवाज नेहमीचाच, काच हळूच खाली ठेवतात तसा.

"कारण बिरण लिहून देत नाही आम्ही."

"देता," मी म्हणाले. सकाळचे अडीच तास मी भिंतीवरचा नियमांचा फलक वाचण्यात घालवले होते. पाचव्या नियमापर्यंत दिसत होता, पुढचा भाग कॅलेंडरने झाकलेला, आणि मला अर्धवट काही वाचवत नाही म्हणून ते सकाळीच उचलून बघितलं होतं. मी जाऊन पुन्हा कॅलेंडर उचललं आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं वाचलं. "सहा. अर्ज नाकारल्यास संबंधित अधिकाऱ्याने रकाना चौदामध्ये कारण स्पष्ट अक्षरांत लिहावे व त्याखाली नाव, हुद्दा व शिक्का द्यावा."

साहेबांनी फलकाकडे बघितलं. ते कॅलेंडर त्यांनीच लावलं असावं.

त्यांनी आमचा अर्ज घेतला, रकाना चौदा शोधला आणि पेनचं टोपण काढलं. लिहिलं, 'सदर कुत्रीस'. मग थांबले.

"सदर कुत्रीस," मी म्हणाले, "जन्माआधी लस दिल्यामुळे. लिहा ना."

"किंवा," बाबा म्हणाले, "ती चूक डॉक्टरांनी सही-शिक्क्याने दुरुस्त केल्यामुळे. ते आताचं कारण आहे. आपण दोन्ही लिहिलीत तरी चालेल. म्हणजे वरच्या साहेबांना नीट समजेल."

पेन रकान्यावर तसंच धरलेलं. सकाळपासून हा माणूस हे वाक्य मला तोंडाने किती सहज ऐकवत होता. आता ते स्वतःच्या नावाखाली, हुद्द्याखाली लिहायची वेळ आली तर हात पुढे जाईना. मला त्यांची दया आली नाही. आईशपथ, जरासुद्धा नाही.

"पुढे व्हा," पोपट म्हणाला. मावशींनी घाईने टॉवेल सारखा केला, पण त्यांचे खांदे हलत होते.

साहेबांनी टोपण लावलं. "ताई," ते म्हणाले, "तू एक लेखी दे. तारीख कोणी लिहिली, कधी, आणि का. काळ्या पेनाने. सरळ अक्षरात."

मी कट्ट्यावरच लिहिलं. वय अकरा असताना मी, अमुक इयत्तेत शिकत असताना, आमच्या कुत्रीला वाढदिवस नसल्याचे पाहून माझा वाढदिवस तिला दिला. त्याआधी बारा दिवस तिला लस दिलेली होती हे माझ्या लक्षात आले नाही. ती त्या वेळी चार महिन्यांची होती व पूर्णपणे जन्मलेली होती. खाली सही. वडिलांनी साक्षीदार म्हणून सही केली, बारीक, ताठ, एका रेषेत.

साहेबांनी वाचलं. 'पूर्णपणे जन्मलेली' शी पोचल्यावर त्यांच्या गालाला काहीतरी झालं, पण त्यांनी ते आवरलं. सदर कुत्रीस हे दोन शब्द खोडले, कारण खाडाखोड त्यांना चालते, आणि धाडकन शिक्का मारला. चारला सात मिनिटं कमी होती.

मला आनंद व्हायला हवा होता. बाबांना झाला, त्यांनी खिडकीलाच नमस्कार केला. मला मात्र रिक्षात बसल्यावरसुद्धा धुसफुस होत होती. हेच कागद, हाच कट्टा, हेच पेन साडेअकरा वाजता तिथेच होतं. तेव्हा लेखी मागितलं असतं तर उशीला ऊन लागलं नसतं, मला मामाचं गोदाम दिवसभर डोळ्यांसमोर दिसलं नसतं, आणि त्या शून्यावर रेघही आली नसती.

"झालं ना काम," बाबा म्हणाले.

"झालं म्हणून काय झालं?"

ते म्हणाले, "रकाना चौदा मलाही माहीत नव्हता," आणि रस्ताभर अधूनमधून स्वतःशीच हसत राहिले.

दोन दिवसांनी आम्ही दुसऱ्या देशात उतरलो. उशी सामानाच्या वेगळ्या दारातून आली, पिंजऱ्यात उभी, पाण्याची वाटी रिकामी, कान दोन्हीही पडलेले. मला बघून एक आला वर. प्राण्यांची तपासणी करणारी बाई हातमोजे घालून टेबलाशी उभी होती. तिच्यामागे काच, आणि काचेपलीकडे, हॉस्पिटलच्या कपड्यांतच धावत आलेली आई.

मी सगळे कागद क्रमाने लावून ठेवले होते. वर पुस्तिका, पहिलं पान उघडून, दुरुस्ती दिसेल अशी. खाली नोंदीची प्रत. खाली माझं लेखी. विचारलं तर काय काय सांगायचं हे मी विमानात त्यांच्या भाषेत तोंडपाठ केलं होतं.

त्या बाईने यंत्र उशीच्या मानेवरून फिरवलं. बीप वाजलं. तिने पुस्तिका उचलली, पहिलं पान अंगठ्याने सरळ उलटून टाकलं, शेवटचं उघडलं, या वर्षीची लस बघितली, मिटली. उशीच्या हनुवटीखाली खाजवलं आणि आम्हाला हाताने पुढे व्हा अशी खूण केली.

वीस सेकंद. पोपटानेही याहून जास्त वेळ घेतला असता.

"एक मिनिट," मी म्हणाले. "पहिलं पान बघितलं नाहीत तुम्ही."

ती हसली आणि पुन्हा खूण केली.

"नाही, बघा ना. त्यावर जन्मतारीख आहे. दुरुस्त केलेली. आम्ही दिवसभर..."

"चल," बाबा म्हणाले. त्यांनी एका हाताने पिंजऱ्याची गाडी ढकलली आणि दुसऱ्या हाताने माझ्या दप्तराचा पट्टा धरला. काचेपलीकडे आई दोन्ही हात हलवत होती, उशी पिंजऱ्यात गोल गोल फिरत होती, आणि मी मागे वळून पुस्तिकेचं पहिलं पान उघडून त्या बाईला दाखवत दाखवत दारातून बाहेर ओढली गेले.